पाणी मागच्या अंगाला

माचीवाडी, ता. पोलादपूर
२६ नोव्हेंबर २००१

हर्षद बाळा,

आजीचा हात तुझ्या डोक्यावर हाय असं समज आणि पुढं वाच. हात माझा, अक्षर गोमाजीचं. मुंबईची गिरणी बंद पडून तो गावी आला तेव्हापासून त्याच्याकडे वेळ बक्कळ हाय. तो म्हणतो, पत्रात 'हाय-नाय' शोभत नाय. मी म्हटलं, तुला शोभेसाठी नाय बसवला, लिहायला बसवलाय.

दिवाळीला दोन दिवस आलास, त्यातला दीड दिवस झोपलास. उरलेल्या अर्ध्यात एवढंच बोललास, की महाडच्या कंत्राटदाराकडे लागलोय आणि लोकनिवासाची दुरुस्ती चाललीय. मी करंज्या तळत होते, नीट ऐकलं नाय. आता नीट सांग. लोकनिवास म्हणजे तेच ना, कोर्टाच्या तारखेला नायतर दवाखान्याला डोंगरातून आलेली माणसं उतरतात ते? आणि ती चार न्हाणीघरं, ती हायत का अजून? काय तोडताय, काय ठेवताय?

तुला काय करायचंय, असं विचारशील. म्हाताऱ्या माणसाला चौकशीवाचून दुसरं काम काय असतं? कळव.

दात गेलेली, जीभ शाबूत असलेली,
ठमाबाई आजी

*

महाड
४ डिसेंबर २००१

प्रिय आजी,

तुझं पत्र साइटवर सगळ्यांसमोर उघडलं आणि दीड दिवस झोपल्याचं सगळ्यांना कळलं. गोमाजीकाकांना नमस्कार, कारण वाचणार तेच.

लोकनिवासाच्या पुढच्या भागात आता ऑफिसं होणार आहेत. प्लायवूडच्या केबिन, लोकांसाठी काउंटर, कॉम्प्युटरसाठी भिंतीतून वायरी, वर पांढरं खोटं छत. माझ्याकडे देखरेख आहे. पहिलंच काम माझं, पण या भागात काही अडचण नाही.

अडचण आहे ती तुझ्या न्हाणीघरांची. तिथे नवे शॉवर आणि गिझर बसवायचे आहेत, पण खालचं पाणीच जात नाही. वर्षभर घोट्याएवढं साचून राहतंय. दोन प्लंबर येऊन गेले. नकाशाप्रमाणे पाइप न्हाणीघरांच्या जमिनीखालून पुढच्या दाराकडे येतो आणि रस्त्याच्या गटाराला मिळतो. दाराजवळचं चेंबर उघडलं तर आत कोळ्याची जाळी. थेंब नाही. पाइपात सळ्या घातल्या, निम्म्यावर जाऊन अडतात.

इंजिनिअर चारुलता मॅडमनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पाणी गेलं नाही तर चारही न्हाणीघरं पाडून तिथे ऑफिसच्या दोन खोल्या काढायच्या. मला विचारशील तर तेच बरं. आता महाडात लॉज झालेत, लोकनिवासात अंघोळीला कोण येतं?

तुझा,
हर्षद

*

माचीवाडी
१० डिसेंबर २००१

हर्षद,

लॉज झालेत हे बरं झालं. नवरा दवाखान्यात आणि कनवटीला एसटीच्या भाड्यापुरतं, अशी एखादी बाई डोंगरावरनं खाली आली, की तिला लॉजचा रस्ता तू दाखव. मॅनेजर तिची वाटच बघत असेल.

गोमाजी म्हणतो, पोराला टोचून लिहू नको. टोचल्याशिवाय काटा निघत नाय.

आता दोन गोष्टी. एक, इमारतीच्या मागच्या अंगाला गेल्या साली काय केलंय का, ते बघून कळव. दुसरी, उद्याच्या एसटीनं कंडक्टरकडे अर्धं पोतं भाताचं तूस पाठवतेय. न्हाणीतलं साचलेलं पाणी आधी उपसून काढ. मग मोरीवरची जाळी उचल, आत दोन बादल्या पाणी ओत, त्यावर मूठभर तूस सोड, आणि पोटावर पालथा पडून बघ तूस कुठं जातं. खाचरात पाण्याचा कल बघायला आपण हेच करतो. तुझ्या मॅडमना सांगू नको, हसतील. आधी तू बघ.

आजी

*

महाड
१९ डिसेंबर २००१

प्रिय आजी,

मागच्या बाजूला केळी लावायचा तुझा विचार असेल तर सोडून दे. गेल्या वर्षी गाड्या उभ्या करायला तिथे ओढ्यापर्यंत सिमेंट ओतलंय. मातीच उरली नाही.

तुसाचं पोतं पोचलं. कंडक्टरनं डेपोत सगळ्यांसमोर विचारलं, "काय साहेब, कोंबड्या पाळताय काय?" तुंबलेल्या मोरीत वरून तूस टाकायला सांगणारी आजी फक्त मलाच असेल. रागाने पोतं चार दिवस कोपऱ्यात ठेवून दिलं.

काल सगळे जेवायला गेले तेव्हा करून बघितलं. पाणी उपसलं, जाळी काढली, दोन बादल्या ओतल्या, तूस सोडलं, बॅटरी घेऊन पालथा पडलो. आजी, तूस पुढच्या दाराकडे गेलं नाही. ते मागे गेलं. गावी पाटाचं पाणी जातं तसं, एका रांगेत, मागच्या भिंतीखाली शिरलं आणि दिसेनासं झालं. मी तीनदा केलं. तीनदाही मागेच. चौथ्यांदा मूठ भरली आणि परत पोत्यात टाकली.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणतात, जमीन खचून उतार उलटा झाला असणार, म्हणजे तोडण्याशिवाय इलाज नाही. पण खचलेली जमीन अशी एका रांगेत खचते का?

तुला हे कसं ठाऊक होतं?

हर्षद

*

माचीवाडी
२५ डिसेंबर २००१

हर्षद,

मला काय ठाऊक असणार? मी अंगठा उठवणारी बाई. तूस हलकं असतं, वाट फुटेल तिथं जातं.

तेवढं तोडू मात्र देऊ नको. मला एका माणसाला विचारायचं हाय. ते माणूस कोण हे गोमाजीसमोर सांगता येत नाय, आणि गोमाजीशिवाय लिहिता येत नाय. बघ माझी गत. गोमाजीनं आत्ता चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं. लिही बाबा, थांबू नको.

आजी

*

महाड
५ जानेवारी २००२

प्रिय आजी,

आता थांबायला वेळ नाही. संक्रांत सोमवारी. मंगळवारी, पंधरा तारखेला सकाळी न्हाणीघरांवर घण पडायचे ठरलेत. माणसं सांगून झाली आहेत.

आणखी एक. परवा शिवथरकडची एक बाई आली होती. नवरा दवाखान्यात, आठ दिवस ती खाटेशेजारी जमिनीवर झोपलेली. मला म्हणाली, "भाऊ, फक्त दोन तांबे पाणी अंगावर घेते." मी म्हटलं, बाई, आत घाण साचलीय. ती म्हणाली, "असू दे. दार लागतं ना?" ती त्या पाण्यात उभी राहून न्हाली. बाहेर येऊन नळावर पाय धुतले आणि मला हात जोडले. आजी, मला कुठे बघावं ते कळेना. लॉजबद्दल लिहिलं होतं ते मागे घेतो.

तुला काही माहीत असेल तर सांग. नसेल तर तेही सांग, म्हणजे मी वाट बघणार नाही.

हर्षद

*

माचीवाडी
१३ जानेवारी २००२

हर्षद,

आज गोमाजीच्या ओटीवर बसून सांगतेय. त्याची बायको ठकूबाई माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय. ज्या माणसाला विचारायचं होतं ते हेच. माहेरी भावाकडे गेली होती, शुक्रवारी आली, म्हणून उशीर. आम्ही पाचजणी होतो, दोघी उरलो. काल दोघींनी गावदेवीपुढं नारळ ठेवला आणि आण सोडवून घेतली. आता बोलते.

सदुसष्टच्या मोठ्या भूकंपानंतरचं दुसरं साल. भात झोडून झालं की तुझा आजा कुशाबा महाडात गवंडीकामाला जायचा आणि मी कोबा चोपायला. कोबा म्हणजे चुन्याची जमीन. बायकांनी ओळीनं बसून लाकडी चोपणी घेऊन ती चोपायची, तोंड दिसेल इतकी. लोकनिवासाची जमीन आम्ही चोपलीय.

तिथला ओव्हरसियर माणूस चांगला, पण कागद त्याला वरनं आलेला. कागदात न्हाणीघरांचं पाणी पुढच्या दाराखालून रस्त्याच्या गटारात. गटार तेव्हा उघडं, आणि गटाराला लागून बाजार. ठकूबाई पहिली बोलली, "ठमे, ह्या घरात बाई न्हाणार नाय गो." खरंच होतं. ओली बाळंतीण असेल, विटाळशी पोर असेल, नवऱ्याला पोचवून आलेली असेल. तिच्या अंगावरचं पाणी भाजीवालीच्या नि वकिलाच्या पायाशी वाहत जाणार? आपल्याकडं कोणाच्या घरात न्हाणीचं पाणी पुढच्या दारानं जातं, सांग मला. ते मागच्या अंगाला जातं, केळीला, अळवाला, जमिनीत. तुझ्या आजानं ओव्हरसियरला विचारून बघितलं. तो म्हणाला, "कुशाबा, कागद बदलायचा अधिकार मला नाही."

मग शिमगा आला. ओव्हरसियर पाच दिवस त्याच्या गावी गेला. कोकणातला माणूस शिमग्याला घरी जाणार नाय तर कधी? आम्ही मात्र गेलो नाय. इथं पालखी दारोदार नाचली आणि आम्ही सहा माणसं महाडात. तुझ्या आजानं जमिनीखालचा चर उलटा उतरवला, मागच्या भिंतीखालनं काढला आणि पुढं ओढ्यापर्यंत साठ हात नेला. शेताचा बांध रचतात तसा, दगडाला दगड बसवून. आम्ही पाचजणींनी तळाला चुना चोपला, वर फरश्या टाकल्या, जमीन सारखी केली. पुढचा पाइप कागदात होता तसाच बसवला, फक्त त्याला पाणी दिलं नाय. ओव्हरसियर आला, त्यानं न्हाणीत बादली ओतली, पाणी गेलं, तो खूश झाला. कुठं गेलं ते त्यानं विचारलं नाय. आणि हे कुणाला सांगायचं नाय, अशी आम्ही गावदेवीची आण घेतली.

गोमाजी इथं पेन खाली ठेवून बसला. त्या शिमग्याला तो मुंबईवरनं रजा काढून आला होता आणि बायको घरात नव्हती. तेहतीस वर्षं तो रुसवा त्यानं जपलाय. ठकूबाई त्याला म्हणाली, "काम होतं म्हणून सांगितलं होतं ना तुमाला." तो म्हणाला, "कोणतं काम ते नाय सांगितलंस." ती म्हणाली, "आण होती." मग तिनं उठून चहा केला. आता तो परत लिहितोय.

मी इतके दिवस टाळलं ते नुसतं आणेपायी नाय. लोक म्हणतील, कुशाबानं सरकारी कामात फसवलं. तू जन्मायच्या आधी गेलेला माणूस, तो जाब द्यायला कुठनं येणार? पण ती शिवथरची बाई काय म्हणाली ते गोमाजीनं वाचून दाखवलं, आणि मला वाटलं, त्याचं नाव राखायला त्याचंच काम मी मोडू देतेय.

मागच्या भिंतीला पाठ लाव आणि नीट ओढ्याकडे चाल. तुमचं सिमेंट संपतं त्या कडेला फोड. चराचं तोंड तिथं हाय. तुम्हीच ते बुजवलंय.

गोमाजी उद्या सकाळच्या एसटीनं हे पत्र स्वतः घेऊन येतोय. टपालाचा भरवसा नाय म्हणून नाय. त्याला बघायचंय, बायको कुठं होती ते.

आजी

*

महाड
१७ जानेवारी २००२

प्रिय आजी,

काकांनी तुला तोंडी सांगितलंच असेल. तरी मी लिहितो. वाचताना त्यांना पुन्हा सांगावं लागेल, त्यांना आवडेल.

पंधराला सकाळी घणवाले आले, तेव्हा मी मॅडमच्या हातात तुझं पत्र दिलं. त्यांनी उभ्याने पहिलं पान वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "दुपारपर्यंत थांबते."

सिमेंटच्या कडेला फोडलं. दीड हातावर एक फरशी लागली. ती पहारीने उचलली मात्र, वर्षभराचं काळं पाणी एका दमात ओढ्यात गेलं. घणवाले बाजूला पळाले. पाणी सरल्यावर आत बघितलं, तर माणूस वाकून जाईल एवढी वाट. मी उतरलो.

आजी, मी डिप्लोमा केला, नाल्यांची डिझाइनं काढली, पण असं काही बघितलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी काळा दगड. दोन दगडांच्या फटीत मी पट्टी घालून बघितली, गेली नाही. मागच्या अंगणात वर्षभर ट्रक उभे राहिले होते, एक दगड हललेला नाही. तळाचा चुना हाताने पुसला तर खालून चमकला. त्यावर तुमच्या चोपण्यांच्या खुणा आहेत. कुणाचा हात जड, कुणाचा हलका, ते कळतं. पाण्याची नळी लावून उतार मोजला. पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत एकसारखा. आजोबांकडे काय होतं? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "डोळे होते."

मॅडम उतरल्या तेव्हा त्यांनी आधी चपला काढल्या. आत चिखल आहे म्हणून मी सांगितलं, तरी काढल्या. कितीतरी वेळ त्या भिंतीला हात लावून वाकून उभ्या होत्या. बाहेर येऊन मी घाबरत म्हटलं, "मॅडम, नकाशाविरुद्ध काम केलंय त्यांनी." त्या म्हणाल्या, "नकाशा चुकला होता. तो दुरुस्त करू." मग तिथेच गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला, पुढच्या पाइपावर काट मारली आणि मागच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंत नवी रेघ ओढली. काम कुणाचं म्हणून विचारलं. काका सहाही नावं सांगत गेले आणि त्यांनी ती रेघेच्या बाजूला लिहिली. सगळ्यात वर कुशाबा.

न्हाणीघरं राहणार. ऑफिसच्या त्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर जातील.

एक गोष्ट काका सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो, आणि ती त्यांना मोठ्याने वाचावीच लागेल. सगळे वर आले तरी ते आतच होते. मी बघायला गेलो तर गुडघे टेकून तळावर हात फिरवत होते. मला म्हणाले, "हर्षद, ह्यातली ठकीची खूण कुठली असेल रे?"

तुझा,
हर्षद

*

माचीवाडी
६ फेब्रुवारी २००२

हर्षद बाळा,

गोमाजीनं ते वाचलं. शेवटचं वाक्य त्यानं घशात गिळलं होतं, ठकूबाईनं पाठीत धपाटा घालून बाहेर काढलं. आता तो तिच्याशी इतका गोड बोलतो की तीच कंटाळलीय.

रविवारी तू आम्हाला नेलंस, सगळं दाखवलंस, ते बरं केलंस. तुझी ऑफिसं बघितली. माणसांना बसायला खुराडी चांगली केलीत. समोर काच लावलीय, म्हणजे आतला झोपला तर बाहेरच्याला दिसेल. छत मात्र खाली का आणलंय ते समजलं नाय. आम्ही बघत होतो तेवढ्यात तुला कोणी हाक मारली आणि तू पुढं गेलास. म्हणून मागं काय झालं ते तुला ठाऊक नाय. ते सांगायला हे पत्र.

ती जमीन आम्ही दोन महिने चोपली, पण तिच्यावर न्हायलो कधी नाय. कामाच्या बायकांनी ओढ्यावर न्हायचं, असा रिवाज होता. घर तयार झालं, आम्ही चोपणी उचलली आणि गावी आलो. पुढं महाडला कितीदा आले, दारावरनं गेले, आत पाऊल टाकलं नाय. कोणी विचारलं असतं, तुझं काय काम, तर काय सांगणार होते?

न्हाणीघराच्या दाराशी ठकूबाई म्हणाली, "तू जा आधी." मी गेले. दार लावलं. तू सांगितलंस तशी नव्या शॉवरची चावी फिरवली. हर्षद, मी एकाहत्तर वर्षांची बाई. जन्मभर पाणी हंड्यानं डोक्यावरनं वाहिलं, कावडीनं खांद्यावरनं वाहिलं, कडेवर पोर घ्यावं तशी घागर धरून आणलं, पण तांब्यानं वाकून घ्यावं लागलं नाय असं पाणी माझ्या अंगावर पहिल्यांदा पडलं. कोमट, बारीक, आणि सरत नाय. मी हात वर करून उभी राहिले. साबणाची वडी हातात तशीच राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. ठकूबाईनं दार वाजवलं, "ठमे, जिवंत हायस का?" खाली बघितलं तर पायाशी पाणी टिकत नव्हतं. आलं की मागच्या अंगाला जात होतं. मी त्याला जाताना बघत राहिले.

मग ठकूबाई आत गेली आणि मी लुगडं नेसून मागं गेले, तुम्ही फोडलंय तिथं, ओढ्याच्या काठावर. आधी काय दिसेना. नुसतं काळं तोंड. वाटलं, परत तुंबलं की काय. तिथंच दगडावर टेकले. तुझा आजा इथंच उकिडवा बसून शेवटचा दगड बसवत होता. मी त्याला म्हटलं होतं, एवढं घासून बसवताय कुणासाठी, ह्यात कोण डोकावणार हाय? त्यानं दगड परत काढला, परत बसवला.

आणि पाणी आलं. आवाज नाय, घाई नाय. आतल्या अंधारातनं पसरट होऊन आलं, त्यावर ठकूबाईच्या शिकेकाईचा फेस होता. काठावर क्षणभर थांबल्यासारखं झालं आणि ओढ्यात उतरलं. मी खाली वाकले आणि त्यात हात धरला.

साठ हात दगडातनं आलं होतं. अजून कोमट होतं.

आजी